सही कोणाच्या नावाची? नर्सिंग नोंदणीची वाट पाहणाऱ्या एका मुलीचे पाच महिने

पहाटे पावणेसहाला फोन वाजला. पलीकडे माझी भाची. रडत नव्हती, पण नाइट संपत आली की सिस्टरचा आवाज जसा होतो, तसा झाला होता.

“मावशी, चार्टवर माझी सही चालत नाही म्हणतात. त्या दुसऱ्या सिस्टरच्या नावाची कर म्हणाले. करू का?”

“आधी केलीयेस का?”

“दहा दिवस तेच करतेय.”

मी सरकारी रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले. तेव्हापासून निकालाच्या हंगामात ओळखीतल्या, ओळखीच्यांच्या ओळखीतल्या मुलामुलींचे फोन येतात. प्रश्न ठरलेला असतो: निकाल लागलाय, कौन्सिलचा नंबर यायचाय, मधल्या काळात काय करू? मी वर्षानुवर्षं एकच गुळमुळीत उत्तर देत आले, “कुठेतरी हात चालू ठेव.” घरातल्याच मुलीवर वेळ आली तेव्हा त्या उत्तरात किती पोकळी आहे ते कळलं. तिला विचारूनच हे लिहिते आहे. नावं, गावं आणि दवाखाने गाळले आहेत.

पास झाली म्हणजे नर्स झाली?

आमच्या घरात तरी सगळ्यांना तसंच वाटलं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका खाजगी कॉलेजातून तिने चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग केलं. २०२४ च्या दिवाळीआधी निकाल लागला, पेढे वाटले गेले आणि तिच्या वडिलांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला “आमची सिस्टर झाली” म्हणून सांगितलं.

परीक्षा घेतं नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. पण परिचारिका म्हणून काम करायचा अधिकार विद्यापीठाच्या कागदाने मिळत नाही. त्यासाठी १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत नाव चढावं लागतं. त्यानंतरच नावापुढे आरएन-आरएम, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसाविका, असं लिहिता येतं. त्याच्यावर भारतीय नर्सिंग कौन्सिलची देशभराची एक यादी आहे, तिच्यात आधारशी जोडलेला वेगळा क्रमांक मिळतो. जीएनएम (नर्सिंगची पदविका) आणि एएनएमच्या (सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम) मुलींची परीक्षा वेगळं मंडळ घेतं, पण नोंदणीचा दरवाजा सगळ्यांना तोच.

मी १९८४ ला लागले तेव्हा नर्सिंग स्कूल रुग्णालयाच्या आवारातच होतं. अधिसेविकाबाई सगळ्या बॅचचे फॉर्म एका गठ्ठ्यात भरून घ्यायच्या आणि नंबर कधी आला हे आम्हाला कळायचंही नाही. मधे ‘वाट पाहण्याचा काळ’ असा नव्हताच. आता कॉलेज एकीकडे, नोकरी दुसरीकडे, अर्ज मोबाइलवर. म्हणून माझ्या पिढीचा सल्ला या मुलांना फारसा उपयोगाचा नसतो. माझाही नव्हता.

भाचीचा अर्ज अडकला तो आमच्याच घोळामुळे. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव ‘दत्तात्रय’, आधार कार्डावर ‘दत्ता’. चार वर्षं कोणाला ते खटकलं नाही. नोंदणीच्या वेळी खटकलं. नेट कॅफेवाल्याने छातीठोकपणे सांगितलं, राजपत्रात नाव बदलून घ्या. घरच्यांनी ती धावपळ सुरूही केली. खरं तर बदलायचं काहीच नव्हतं. शाळेचा कागद बरोबर होता, चूक आधारवर होती, आणि तीच दुरुस्त करायची होती. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईत तिसरंच काहीतरी छापून घेऊ नये, एवढी काळजी पुरे होती. राजपत्राच्या नादात सात आठवडे गेले.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना म्हणून एक सांगते. दहावी, बारावी, आधार आणि कॉलेजचं हजेरीपत्रक समोरासमोर ठेवून स्वतःचं, आईचं, वडिलांचं नाव एकेक अक्षर जुळवून बघा. निकालानंतर बघू म्हणू नका. आणि कर्नाटकात शिकलेल्या मुलांनी हे आणखी आधी करावं. त्यांची पहिली नोंदणी तिकडच्या कौन्सिलकडे होते, मग तिथलं ना हरकत पत्र घेऊन इकडे नाव आणावं लागतं. म्हणजे कागद दोनदा फिरतात.

अकरावी रात्र

घरी बसवेना. फीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता सुरू व्हायचा होता. वर्गातल्या एका मैत्रिणीने तालुक्याच्या गावातलं तीस खाटांचं एक हॉस्पिटल सुचवलं, दोघी मिळून गेल्या. पद ‘ट्रेनी स्टाफ’, पगार ९,००० रुपये, राहायची खोली फुकट. पहिल्या दिवशी मूळ गुणपत्रिका आणि उत्तीर्ण प्रमाणपत्र जमा करून घेतलं. “एक वर्ष कुठे जाणार नाही” अशा अर्थाच्या साध्या कागदावर सही घेतली. नेमणूक पत्र मात्र दिलं नाही.

रात्री मजल्यावर ती, एक वॉर्डबॉय मामा आणि खाली झोपलेले निवासी डॉक्टर. जिच्या हाताखाली शिकायचं ती नोंदणीकृत सिस्टर दिवसपाळीला. म्हणजे शिकणारी रात्री एकटी आणि शिकवणारी तिच्या घरी झोपलेली. पण कागदावर रात्री त्या सिस्टर ड्यूटीवर असायच्या. खाजगी रुग्णालयांना १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याने पात्र परिचारिका पुरेशा प्रमाणात ठेवाव्या लागतात. त्या ठेवायच्या तर पगार द्यावा लागतो. मग एकाच नोंदणी क्रमांकावर तीन पाळ्या चालवायच्या, अशी ही युक्ती.

अकराव्या रात्री जुलाबाने गळून गेलेल्या एका आजोबांचा रिपोर्ट आला, पोटॅशियम बरंच खाली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, “सलाइनमध्ये दोन अँप्यूल केसीएल टाक.” आमच्याकडे मिळणाऱ्या दहा मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. दोन म्हणजे ४०. चुकून थेट शिरेत दिलं तर हृदय थांबतं. सलाइनमधून दिलं तरी वेग मोजून द्यावं लागतं, हाताच्या शिरेतून तर ताशी दहाच्या आसपासच. हे औषध दोघींनी मिळून तपासायचं आणि दोघींनी सही करायची, हा कुठल्याही बऱ्या वॉर्डातला नियम. भाचीने विचारलं, “सर, किती तासांत?” उत्तर आलं, “नेहमीसारखं.” तिने बाटली नीट हलवली, लेबल लावलं, थेंब मोजून पाच तासांवर लावले आणि रात्रभर दर अर्ध्या तासाने जाऊन नाडी बघितली. आजोबांना काही झालं नाही. सकाळी चार्ट भरताना तिने स्वतःची सही केली, तर डॉक्टर म्हणाले, “ही नको. तुझा नंबर नाही ना अजून. त्यांच्या नावाची कर.”

तिला त्या क्षणी जे सुचलं ते मला दहा दिवस आधी सुचायला हवं होतं. काही बिघडलं असतं, तर त्या रात्री हजरच नसलेल्या, फक्त कागदावर असलेल्या बाई अडकल्या असत्या. आणि खोटी सही केली म्हणून ही त्याहून वाईट अडकली असती. ‘शिकाऊ होते’ हा बचाव खोट्या सहीला लागू होत नाही.

मी म्हटलं, “तुझी सही खोडू नकोस, त्यांच्या नावाची करूही नकोस. बॅग भर.”

बॅग भरणं सोपं होतं, कागद सोडवणं कठीण. हॉस्पिटलचं म्हणणं, मधेच सोडलं तर एक महिन्याचा पगार भरा, मग प्रमाणपत्रं. तीच प्रमाणपत्रं नोंदणीला लागणार, आणि नोंदणी नाही म्हणून ही तिथे. असं ते दुष्टचक्र. मी स्वतः गेले. भांडले नाही. समोर बसून एवढंच म्हटलं, “डॉक्टर, गेल्या अकरा रात्रींचे औषधाचे चार्ट काढा. कुठल्या नावाने सह्या आहेत ते आपण दोघं मिळून बघू.” चहा यायच्या आत पाकीट आलं. हा उपाय सगळ्यांना जमेल असा नाही, माझ्या पांढऱ्या केसांचा त्यात वाटा होता. म्हणून मूळ कागद हातातून सोडूच नये. नोकरीच्या जागी मूळ दाखवावेत, ठेवाव्यात त्या साक्षांकित प्रती.

पगाराचंही एक सांगून ठेवते. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ ला खाजगी परिचारिकांच्या वेतनासाठी तज्ज्ञ समिती नेमायचा आदेश दिला होता. त्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना २०,००० च्या खाली जाऊ नये, आणि दोनशेच्या वरच्या रुग्णालयांनी सरकारी परिचारिकेइतकं वेतन द्यावं, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोडली आणि तिथेच ती बसली. नंबर नसलेल्या मुलीला ९,००० देणं हे या शिफारशीला बगल द्यायचं सोयीचं साधन आहे, असं माझं मत. ती ‘ट्रेनी’, म्हणून शिफारस लागू नाही, आणि काम मात्र पूर्ण सिस्टरचं.

मग काय काय पाहिलं

ती पुण्याला माझ्याकडे आली. जेवणाच्या टेबलावर वही उघडली आणि दोन रकाने आखले: ज्या कामात परिचारिका म्हणून सही लागते ते डावीकडे, लागत नाही ते उजवीकडे. पगार, अंतर, शिफ्ट हे नंतर. आधी ही एकच चाळणी लावायची असं ठरवलं, आणि त्या चाळणीने पुष्कळ गोष्टी पटकन बाजूला पडल्या.

सरकारी जागा डाव्या रकान्यात. एम्सच्या नॉरसेट या परिचारिका भरती परीक्षेला बीएस्सीवाल्यांना अनुभव लागत नाही, पण राज्याच्या कौन्सिलची नोंदणी लागते. अधिपरिचारिका भरतीलाही तसंच, आणि जाहिरातीतली शेवटची तारीख इथे महत्त्वाची. नंबर त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी आला तर तो अर्जापुरता आलाच नाही असं धरा. उपकेंद्रांवरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं पद तिला आवडत होतं. कंत्राटी असलं तरी मानधन २५,००० आणि कामाच्या निकषांवर १५,००० पर्यंत वर, शिवाय घराजवळ. पण तिथेही नोंदणी हवीच. नर्सिंग कॉलेजात ट्यूटर म्हणून लागायचं तर नोंदणी आणि वर अनुभव. म्हणजे या सगळ्याचा फक्त अभ्यास करता येणार होता, अर्ज नाही.

मोठ्या रुग्णालयांतली ‘ग्रॅज्युएट ट्रेनी’ची जागा चाळणीच्या बरोबर मधे अडकते. काही मोठी रुग्णालयं नोंदणीचा अर्ज केल्याची पावती बघून मुलांना घेतात, तीन-चार महिने सीनियरला जोडून ठेवतात आणि औषध देऊ देत नाहीत. हे चांगलं आहे. ती ज्या एका ठिकाणी गेली तिथे मी तिला विचारायला लावलेले प्रश्न असे होते: माझ्याबरोबर पाळीत कोण असेल, तिचं नाव काय, आणि चार्टवर सही कोण करेल? मुलाखत घेणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, “हे पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं.” जागा मात्र पुढच्या बॅचला होती, तीन महिन्यांनी.

घरी जाऊन रुग्णसेवा करणारे ब्यूरो पुण्यात गल्लोगल्ली. बारा तासांच्या ड्यूटीचे रोजच्या रोज पैसे, आणि मुलींना तो मोह पडतो. काळजीवाहक म्हणून, तसं स्पष्ट लिहून, पाठवत असतील तर त्यात गैर काही नाही. आजींना आंघोळ घालणं, कूस बदलणं, वेळेवर जेवू घालणं, यात कमीपणाही नाही. पण ब्यूरो घरच्यांना फोनवर “बीएस्सी सिस्टर पाठवतोय” म्हणतो, त्याच भावाने पैसे घेतो, आणि तिसऱ्या दिवशी घरचे म्हणतात, “सिस्टर, तेवढं इंजेक्शन देता का? डॉक्टरांनी लिहून दिलंय.” बंद दारामागे नाही म्हणणं अवघड असतं. आम्ही ते सोडलं.

मेडिकल कोडिंगच्या जाहिराती तिच्या मोबाइलवर दिवसाला दहा यायच्या. अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदी वाचून आजाराला आणि उपचाराला सांकेतिक क्रमांक द्यायचा, की तिकडचा विमा पैसे देतो. आजारांचेच सत्तर हजारांच्या वर कोड आहेत. शरीररचना पक्की असलेल्या नर्सिंगच्या मुलांना हे जमतं, आणि पुण्या-मुंबईत कामही आहे. माझी हरकत दोन गोष्टींना. शिकवणी घेणाऱ्या संस्था ‘हमखास नोकरी’ म्हणून भरमसाट फी घेतात, आणि परीक्षा पास व्हायला जेवढे महिने लागतात तेवढ्यात नंबर येतोच. ज्याला वॉर्डात परत जायचंच नाही, त्याच्यासाठी तो रस्ता चांगला. चार महिन्यांची पोकळी भरायला नाही.

औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या फार्मसीवाल्यांना आधी घेतात, तिकडे फार वेळ घालवला नाही.

औषध चाचण्यांमधलं समन्वयकाचं काम मात्र मला मनापासून पटलं होतं. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनंतर कागदपत्रांची शिस्त कडक झाली आहे. रुग्णाला मराठीतलं संमतीपत्र वाचून समजावणं, काही चाचण्यांत ती संमती व्हिडिओवर नोंदवणं, भेटीच्या तारखा सांभाळणं, हे सगळं नर्सिंगच्या मुलीला हातचं आहे. तिने दोन ठिकाणी अर्ज केले. दोन्हीकडे वर्षभर थांबायची हमी हवी होती. ती देणं खोटं ठरलं असतं.

आणि जर्मनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून प्रत्येक नर्सिंग कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जर्मनी आहेच. तिथे परिचारिका म्हणून मान्यता हवी तर साधारण बी-टू पातळीची (ए-वन, ए-टू, बी-वननंतरची चौथी पायरी) जर्मन लागते. शून्यापासून तिथवर जायला चार-पाच महिने पुरत नाहीत, ए-वन आणि ए-टू होऊ शकतं. तिने संध्याकाळची शिकवणी लावली, आणि मला ते योग्य वाटलं. ‘आत्ता पैसे भरा, नोंदणी नंतर बघू’ म्हणणाऱ्या एजंटाला मात्र दारातूनच परत पाठवला. इथली नोंदणी हातात नसेल तर परिचारिका म्हणून तिकडच्या मान्यतेचं घोडं पुढे जातच नाही.

कॅशलेसची खिडकी

शेवटी जे मिळालं ते आमच्या वहीत आधी नव्हतंच. दीडशे खाटांच्या एका रुग्णालयात विमा विभागात, ज्याला सगळे टीपीए डेस्क म्हणतात (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी मध्यस्थ संस्था), तिथे जागा होती. पगार १३,५००. माझ्या बहिणीला फोनवर हे सांगणं जीवावर आलं. “ताई, चार वर्षं नर्सिंग शिकून पोरगी कारकुनी करणार?” हे वाक्य मला अपेक्षित होतं आणि ते आलंच.

पहिले पंधरा दिवस तीही खट्टू होती. वरच्या मजल्यावर तिच्याच वयाच्या मुली निळ्या ड्रेसमध्ये, ही तळमजल्यावर संगणकासमोर. काम असं: रुग्ण दाखल झाला की विमा कंपनीकडे पूर्वमंजुरी मागायची, कंपनीच्या शंकांना उत्तरं द्यायची, डिस्चार्जच्या दिवशी अंतिम मंजुरी आणायची. मे २०२४ मध्ये विमा नियामकाने कॅशलेसची पूर्वमंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायला सांगितलं, तेव्हापासून खिडकीपलीकडचे नातेवाईक घड्याळ हातात धरूनच उभे असतात. शंकांची उत्तरं कुठून द्यायची? वॉर्डातल्या कागदांतून. म्हणजे रोज दहा-बारा रुग्णांचे केसपेपर पहिल्या पानापासून वाचायचे. कॉलेजच्या चार वर्षांत तिने एवढे केसपेपर वाचले नव्हते.

डिसेंबरातला एक दिवस तिने मला जेवताना सांगितला. पक्षाघाताचे एक काका, वय ५८. पॉलिसी दोन वर्षांची, बिल साडेतीन लाखांच्या घरात. कंपनीने अडवलं: रक्तदाब दहा वर्षांपासून आहे असं तुमच्याच कागदात लिहिलंय, मग हा जुना आजार, आणि जुन्या आजाराचा प्रतीक्षा काळ संपलेला नाही. २०२४ पासून हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणलाय, पण काकांची दोनच झालेली. मुलगा खिडकीत हात जोडून उभा.

भाचीने पेपर पुन्हा चाळला. डॉक्टरांच्या नोंदीत नुसतं ‘रक्तदाबाचा रुग्ण’, किती काळापासून ते नाही. ‘दहा वर्षे’ होतं ते नर्सिंगच्या प्रवेश-नोंदीत, रात्री अडीच वाजता लिहिलेलं. तिने मुलाला विचारलं, पहिली गोळी कधी सुरू झाली? मुलगा म्हणाला, “अहो, दहा महिने झाले. गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे ना घरी.” घाबरलेल्या सुनेने ‘दहा’ म्हटलं असेल आणि झोपेला आलेल्या सिस्टरने पुढचा शब्द स्वतः भरला असेल.

शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, “पान बदलून टाकू, नवीन लिहून घेऊ वरून.” भाची म्हणाली, नाही. अकरा रात्रींचा चटका ताजा होता. तिने गावाहून चिठ्ठीचा फोटो मागवला, तो घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली आणि डॉक्टरांकडून जुन्या नोंदीला हात न लावता खाली नवी नोंद लिहून घेतली: चिठ्ठी पाहून खुलासा, तारीख, वेळ, सही. त्या रात्रीच्या सिस्टरनेही आपल्या नावाने खुलासा लिहिला. रक्तदाब पॉलिसीनंतरचा ठरला. संध्याकाळी मंजुरी आली.

“मावशी,” ती ताटातला भात चिवडत म्हणाली, “ते प्रवेशाचं पान आम्ही कॉलेजात कंटाळून भरायचो गं.”

मला तेव्हा वाटलं, पोरगी कारकुनी करत नाहीये.

या कामाची बाजू मांडताना कमतरताही सांगते. इथला अनुभव परिचारिकेचा अनुभव म्हणून कोणीही धरत नाही. रुग्णाला हात लागत नाही, हात आखडतो. ती रविवारी उशीवर बँडेज गुंडाळत बसायची आणि माझ्या दंडावर रबर बांधून शिरा शोधायची, सुई अर्थात नाही. पाच महिने हे खूप होतात.

एप्रिल

आधार दुरुस्त झालं, कागद पुन्हा गेले आणि मार्च २०२५ मध्ये तिचा नंबर आला. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं असतं, ती तारीख तिच्या आईने देवघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवली. २०३० चं पान त्यात नाही हे लक्षात आल्यावर मागच्या पुठ्ठ्यावर लिहिली.

एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मुलाखतीला गेली तर रांगेत तीच मैत्रीण भेटली, तीस खाटांच्या हॉस्पिटलातली. ती तिथेच राहिली होती. तिची नोंदणी २८ जानेवारीला झालेली आणि अनुभवाचं पत्र ६ नोव्हेंबरपासूनचं. मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या, नोव्हेंबर ते जानेवारीवर पेन्सिलीने तिरकी रेघ मारली आणि म्हणाल्या, “हे धरता येणार नाही.” वर विचारलं, “नोंदणी नसताना तुम्ही तिथे नक्की काय करत होतात?” मैत्रिणीला उत्तर देता येईना. आखातात जाऊ पाहणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो, तिकडची पडताळणी परवान्याच्या तारखेपासूनचाच अनुभव मोजते. बारा आठवड्यांच्या रात्री, त्यातल्या कित्येक एकटीने काढलेल्या, हिशेबात शून्य.

भाचीला विचारलं, पाच महिने वॉर्डाबाहेर का होतात? तिने टीपीए डेस्कचं सांगितलं. मुलाखतीतल्या अधिसेविकाबाईंनी सहज विचारलं, “आमच्या पोरी केसपेपरमध्ये सगळ्यात जास्त काय लिहायचं विसरत असतील?” हिने पाच गोष्टी घडाघडा सांगितल्या: आजार किती काळापासून, ॲलर्जी, औषध दिल्याची नेमकी वेळ, लघवीचं माप, आणि घरून आणलेल्या गोळ्या. दोघींनाही घेतलं. पगार २१,००० ठरला. त्या रुग्णालयाच्या खाटा बघता २०१६ च्या शिफारशीपेक्षा तो बराच कमी. मी तिला वाढवून मागायला सांगितलं होतं, तिने मागितलं, मिळालं नाही.

आता दोघी एकाच मेडिकल वॉर्डात आहेत. पहिल्या आठवड्यात एका मधुमेही आजींना सलाइन लावायचं होतं. भाचीने गुलाबी इंट्राकॅथ (शिरेत बसवायची नळी) घेतलं, शीर फुटली. मग त्याहून बारीक निळं घेतलं, पुन्हा तेच. आजी म्हणाल्या, “बाळा, राहू दे ना थोडा वेळ.” मैत्रीण पलीकडच्या बेडवरून आली, रबर जरा खाली बांधलं, बोटाने दोनदा टिचकी मारली आणि एका टोचणीत निळं आत. त्या बारा आठवड्यांत शिकलेला हात होता तो. भाचीने चिकटपट्टी लावली, तारीख-वेळ लिहिली, आणि चार्ट मैत्रिणीपुढे सरकवला.

“तू लावलंस,” म्हणाली. “सही तू कर.”